कलम २९९ आणि कलम १९६: 'भावना दुखावणे' वेगळे, 'तेढ निर्माण करणे' वेगळे

एखादी पोस्ट फिरते, पोलीस ठाण्यावर गर्दी जमते आणि फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची दोन कलमे जोडीने लागतात: २९९ आणि १९६. (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेची, म्हणजे भादंविची, कलमे अनुक्रमे २९५अ आणि १५३अ.) दोन्ही दखलपात्र, अजामीनपात्र आणि दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. १९६चा गुन्हा प्रार्थनास्थळी घडला तर पाच वर्षांपर्यंत. पण सिद्ध काय करायचे, ते दोन्हींत निराळे आहे.

१९६ला दोन गट लागतात. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून एका गटाला दुसऱ्याविरुद्ध उठवले पाहिजे. दुसऱ्या समाजाचा उल्लेखच नसेल आणि एकाच समाजाच्या भावना भडकावल्या असतील, तर हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिलाल अहमद कालू प्रकरणात १९९७ साली स्पष्ट केले.

२९९मध्ये दुसरा गट लागत नाही, एका धर्माचा अपमान पुरतो. हे कलम (तेव्हाचे २९५अ) आले ते १५३अमधली फट बुजवायला. लाहोरमध्ये पैगंबरांवरच्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकावर १५३अ लावले होते. मृत धर्मप्रमुखावरची टीका त्या कलमात बसत नाही म्हणून उच्च न्यायालयाने १९२७ साली त्याला सोडले आणि त्याच वर्षी २९५अ आले. मात्र त्यात अट कडक ठेवली: अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला हवा. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवले, ते याच अटीच्या बळावर. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरची फौजदारी तक्रार २०१७ साली याच कारणाने रद्द झाली.

म्हणजे 'आमच्या भावना दुखावल्या' एवढ्यावर दोन्हींपैकी एकही कलम उभे राहत नाही. श्रद्धावंताचे दुःख खरे असते, त्याची टर उडवू नये. पण तुरुंगाची भीती घालायची तर कायदा हेतू मागतो, आणि ते योग्यच आहे.

हेतू ठरवताना सुटे वाक्य चालत नाही. शिवचरित्रावरच्या एका पुस्तकाबद्दल पुण्यात २००४ साली दाखल झालेला १५३अचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केला. पुस्तक समग्र वाचा आणि खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने तोला, असे सांगितले. म्हणून फिर्यादीला कापलेला स्क्रीनशॉट जोडू नका. पूर्ण पोस्ट, तिच्या आधीचा-नंतरचा संवाद, तारीख-वेळ आणि लिंक द्या. आरोपीनेही पोस्ट घाईने पुसू नये. बचावाचा संदर्भ तिच्यातच असतो.

खटले अडतात ते बहुधा पुढच्या पायरीवर. गुन्हा नोंदवायला परवानगी लागत नाही, पण न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी (म्हणजे खटला पुढे चालवायला घेण्यापूर्वी) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम २१७खाली केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते, दोन्ही कलमांना. दोषारोपपत्रासोबत ती आहे का, हे वकिलाने पहिल्याच तारखेला तपासावे.