अनोळखी पक्ष्याचा पुरावा

परसातल्या शेवग्यावर कधी न पाहिलेला पक्षी येऊन बसला, तर आज हात आधी मोबाइलकडे जातो. फोटो धूसर आला तरी चालतं. चोच, डोळ्यावरची पट्टी, शेपटीचा आकार एवढं दिसलं की ओळखणारा कुणीतरी भेटतोच. सव्वाशे वर्षांपूर्वी हाच हात बंदुकीकडे जायचा. शिकारीची हौस होतीच, पण अभ्यासकांचीही तीच रीत होती. पक्षी हातात नसेल तर त्याच्या ओळखीवर कुणी विश्वास ठेवत नसे.

त्याच्याही आधी आपल्याकडे पक्षी ओळखला जायचा तो कानाने आणि त्याच्या कामावरून. टुक टुक ठोके देणारा तांबट, पानं शिवणारा शिंपी, ‘पेरते व्हा’ सांगणारा पावशा, टोळीने कलकलाट करत फिरणारे सातभाई. नावं झकास, पण ती मिळाली रोजच्या शेजाऱ्यांना. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बारक्या हिरवट-तपकिरी पाहुण्यांच्या वाट्याला फार तर ‘वटवट्या’ आलं, तेही कितीतरी जातींना मिळून एकच.

कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली, ती मारून जमवलेल्या नमुन्यांवरूनच. त्यातल्या एका तुरेवाल्या चंडोलाच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘देवा’ घातलं, एका वटवट्याच्या नावात ‘रामा’. ही दोन्ही नावं आजही चालतात. पुढे १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. सोसायटीचे पहिले चिटणीस एडवर्ड एटकिन हे जन्माने सातारचे. बंगल्याच्या आसपास फिरणाऱ्या जिवांवर त्यांनी मिस्किल लेखन केलं आणि १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर एक पुस्तकही लिहिलं. परसातला पक्षी हा लिहिण्याजोगा विषय आहे, हे या माणसाने फार लवकर ओळखलं होतं.

याच सोसायटीत १९०८ मध्ये एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन गेला. एअरगनने पाडलेल्या त्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती हे घरात कुणालाच सांगता येईना. सोसायटीचं बिऱ्हाड तेव्हा अपोलो स्ट्रीटवर, फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत होतं. तिथे मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली, मग कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मुलाचं नाव सालिम अली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण तिचा अर्थ बहुधा निसटतो. त्या काळी अनोळखी पक्ष्याचं नाव कळायचं तर कपाटातल्या मेलेल्या पक्ष्याशी ताडून बघण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता.

ते कपाट सामान्य माणसाच्या खिशात आलं ते पुस्तकांमुळे. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये चित्रांवर बारीक रेघा काढून ओळखीची खूण नेमकी कुठे आहे ते दाखवलं. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं. कॅमेरा मात्र बराच काळ ओळखीच्या कामाचा नव्हता. रेजिनल्ड लॉज यांनी १८९५ मध्ये इंग्लंडात टिटवीच्या कुळातल्या एका पक्ष्याचा फोटो काढला, तोही घरट्यावर, कारण पक्षी हमखास परत येतो अशी जागा तेवढीच. ती सवय पुढे अनेक दशकं टिकली. घरट्याशी तासन्‌तास लपून बसण्याने पिल्लांचे हाल होतात, म्हणून आज तसे फोटो काढू नयेत असं मानतात. आणि रोलचे दिवस आठवा: छत्तीस फोटो, ते धुऊन येईपर्यंत पक्षी कुठल्या कुठे गेलेला.

पुरावा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न खरा ऐरणीवर आला तो आपल्या खानदेशात. पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा, वळचणीला किंवा आंब्याच्या ढोलीत राहणारा. रानपिंगळा दिसायला त्याचाच भाऊ. त्याचा पहिला नमुना १८७२ चा, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८४ नंतर तो कुणाला मिळेना. अपवाद फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या नमुन्याचा, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी असं लिहिलेलं. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो पक्षी बारकाईने तपासला आणि चोरी उघडी पडली. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला जुना नमुना माइनर्ट्झहागेनने पळवून, उसवून, पुन्हा शिवून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षी हातात होता, खरा होता, तरी पुरावा खोटा!

रासमुसेन यांनी मग मांडवीचा नाद सोडून अस्सल नमुने जिथे मिळाले होते त्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळ बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा दिसला, तोही दिवसाढवळ्या. डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, शेपटीवर ठसठशीत पट्टे, पाय भरदार. फोटो निघाले, चित्रण झालं. एकशे तेरा वर्षांनी परत सापडलेला पक्षी सिद्ध करायला गोळी लागली नाही.

त्यानंतर डिजिटल कॅमेऱ्याने फोटो फुकट केला आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळाने पक्ष्यांच्या नोंदींना जागा दिली. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी हौशी माणसांच्या आहेत.

तरी वटवट्यांपुढे कॅमेरा अजून हात टेकतो. हिवाळ्यात सह्याद्रीत येणाऱ्या पर्णवटवट्यांच्या दोन जाती रंगाने इतक्या सारख्या असतात की फोटो कितीही स्वच्छ आला तरी खात्री देता येत नाही. आवाजात मात्र फरक आहे: एकीचा दोन तुकड्यांचा, दुसरीचा तीन. ‘मर्लिन’ अ‍ॅपने २०२१ मध्ये आवाजावरून पक्षी ओळखायला सुरुवात केली. तांबटाला आणि पावशाला नाव देणाऱ्यांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, त्यात नवीन काय?