संगणकीय प्रकल्प वेळापत्रक

ठरावीक मुदतीत पुरे करायचे काम लहान भागांत पाडून त्या भागांचा क्रम, अवधी आणि मनुष्यबळ सॉफ्टवेअरमध्ये मांडण्याची, आणि काम चालू असताना ती मांडणी अद्ययावत ठेवण्याची पद्धत. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा आणि प्रोजेक्टलिब्रे ही यासाठीची प्रचलित सॉफ्टवेअर आहेत.

पडद्यावर दिसणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता अमेरिकी अभियंते हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो. पोलिश अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी मात्र १८९६ मध्येच तशी मांडणी केली होती. पट्ट्यांमागचे गणित बरेच नंतरचे. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ पद्धत विकसित केली, तीही युनिव्हॅक संगणकासाठी. म्हणजे ही पद्धत जन्मापासूनच संगणकाची आहे.

तिचे मर्म कामांमधल्या दुव्यांत आहे. समजा, एक यंत्र बसवायचे आहे. आराखड्याला ५ दिवस लागतात. तो झाला की चौथरा बांधायला १० दिवस आणि त्याच वेळी यंत्र मागवून आणायला ४ दिवस. दोन्ही झाल्यावर जोडणीला ३ दिवस. सर्वांत लांब साखळी आराखडा, चौथरा आणि जोडणी अशी १८ दिवसांची; हाच क्रिटिकल पाथ. यंत्र ६ दिवस उशिरा आले तरी शेवटची तारीख हलत नाही, ही त्या कामाची सवड किंवा फ्लोट. चौथरा एक दिवस लांबला तर सगळेच एक दिवस लांबते.

नवखे वापरकर्ते प्रत्येक कामापुढे तारीख टाइप करतात, आणि इथेच वेळापत्रक निकामी होते. हाताने घातलेली तारीख बहुतेक सॉफ्टवेअर बंधन म्हणून धरतात. मग आधीचे काम लवकर आटोपले तरी पुढचे आपोआप अलीकडे येत नाही, आणि दुवेच दिले नसतील तर आधीचे रखडले तरी ते पुढे सरकत नाही. अवधी आणि दुवे द्यावेत, तारखा सॉफ्टवेअरला काढू द्याव्यात. बाहेरून लादलेली मुदत असेल तेवढीच बंधन म्हणून घालावी.

अवधी आणि श्रम यांतही गल्लत होते. ४० तासांचे काम रोज ८ तास देणाऱ्याला ५ दिवसांचे, अर्धा वेळ देणाऱ्याला १० दिवसांचे. एकाच माणसावर एकाच वेळी दोन कामे पडली तर सॉफ्टवेअर रिसोर्स लेव्हलिंगने एक काम पुढे ढकलते. त्यामुळे शेवटची तारीख लांबू शकते, पण ती खरी असते.

मूळ वेळापत्रक मंजूर होताच त्याची प्रत बेसलाइन म्हणून जतन करतात. ती नसेल तर घसरण मोजायला आधारच उरत नाही. दर आठवड्याला प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट आणि उरलेला अवधी भरावा. ‘९० टक्के झाले’ हे उत्तर आठवडेच्या आठवडे तसेच राहते. ‘अजून किती दिवस?’ या प्रश्नाला त्यामानाने प्रामाणिक उत्तर मिळते.

प्रगती अर्जित मूल्यानेही, म्हणजे झालेल्या कामाला वेळापत्रकात धरलेल्या मोलानेही, मोजतात. आजवर १०० तासांचे काम व्हायला हवे होते आणि ८० तासांचे झाले, तर वेळ-निर्देशांक ०.८. प्रकल्पाच्या अखेरीस मात्र तो फसवा ठरतो: सगळे काम संपले की प्रकल्प कितीही उशिरा झाला असला तरी निर्देशांक १ वर येतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात निर्देशांकापेक्षा क्रिटिकल पाथवरच्या उरलेल्या दिवसांवर लक्ष ठेवतात.