निवाऱ्याला पात्र, घराला अपात्र

मुंबईतल्या बेघराला सरकारी छपराच्या दोन वाटा आहेत. एक, महापालिकेच्या निवारा केंद्रातली झोपण्याची जागा. दुसरी, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली खोली. पहिल्या ठिकाणी विचारतात, रात्री झोपता कुठे? दुसऱ्या ठिकाणी विचारतात, कधीपासून राहता आणि पुरावा काय? या दोन प्रश्नांचे जन्मदाखले वेगळे आहेत. त्यामुळे एकाच माणसाला एका खिडकीवर ‘पात्र’ आणि दुसऱ्या खिडकीवर ‘अपात्र’ असा शेरा मिळतो.

या दोन्हींच्या आधी सरकार वेगळेच काही विचारत असे: हा भिकारी आहे का? भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 चा मुंबईचा कायदा फक्त हात पसरणाऱ्यापुरता नाही. उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणारा किंवा थांबणाराही त्यात येतो. पहिल्यांदा दोषी ठरला तर भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली शिक्षेची मुख्य कलमे रद्द केली. महाराष्ट्रात तो पुढेही चालू राहिला.

घराच्या पात्रतेची सुरुवात 1976 ची. त्या वर्षी 4 जानेवारीला मुंबईतल्या झोपड्यांची गणना एका दिवसात उरकली, झोपड्यांना क्रमांक पडले आणि कुटुंबांना फोटोपास, म्हणजे फोटो असलेली ओळखपत्रे, मिळाली. हेतू होता की हटवायची वेळ आलीच तर पर्यायी जागा कोणाला द्यायची हे ठरलेले असावे. पण मोजली गेली ती झोपडी. रात्री पथारी टाकून सकाळी गुंडाळणाऱ्याकडे क्रमांक रंगवायला भिंतच नव्हती.

जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवण्याची घोषणा केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल 10 जुलै 1985 रोजी लागला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. या वाक्याचा उल्लेख सगळीकडे होतो. निकालाचा उरलेला भाग मात्र कमी वाचला जातो: पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत हटवू नये, आणि 1976 च्या गणनेतल्यांना पर्यायी जागा द्यावी. न्यायालयाची सहानुभूतीही शेवटी गणनेच्या पावतीपाशीच येऊन थांबली.

त्यानंतर पात्रतेची तारीख, म्हणजे झोपडी कधीपर्यंतची असली तर चालेल ती, सरकत गेली. 1980, 1985, मग 1 जानेवारी 1995. झोपडपट्टी पुनर्वसनाची मोफत घराची योजना 1995 मध्ये आली तेव्हा पदपथावर झोपडी असलेलेही तिच्यात घेतले गेले, ही मोठी गोष्ट होती. घर 225 चौरस फुटांचे होते. पुढे ते 269 आणि आता 300 चौरस फुटांचे झाले. 2014 च्या दुरुस्तीने संरक्षणाची तारीख 1 जानेवारी 2000 वर आली. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीला सशुल्क घर मिळते. त्याची किंमत 2023 मध्ये अडीच लाख रुपये ठरली. तारखा पुढे नेण्यामागे निवडणुका होत्या, हे मुंबईत कोणी लपवतही नाही.

पात्र-अपात्र ठरते ते ‘परिशिष्ट-2’ या झोपडीधारकांच्या यादीत. सक्षम प्राधिकाऱ्याची माणसे झोपड्या मोजतात, कागद घेतात, प्रारूप यादी लावतात, हरकती ऐकतात, मग अंतिम यादी. सिद्ध करायच्या गोष्टी दोन: झोपडी त्या तारखेला होती, आणि आजही तुम्हीच तिथे राहता. त्यासाठी त्या काळच्या मतदार यादीचा उतारा, फोटोपास, वीज बिल चालते. घोळ होतो तो इथे. यादीत नाव ‘सखूबाई’ आणि आधारवर ‘सखुबाई’. झोपडीचा क्रमांक मधल्या काळात बदललेला. तोडकामात ट्रंकेसकट कागद गेलेले. हंगामात कुटुंब गावी असताना पाहणी झाली, तर शेरा ‘झोपडी बंद’. पदपथावर वीज मीटर नसतो, मग बिल आणायचे कुठून?

निवाऱ्याची वाट दिल्लीहून आली. पदपथवासीयांसाठी केंद्राची योजना 1988-89 मध्ये सुरू झाली. राज्ये पैसेच उचलत नव्हती म्हणून ती 2005 मध्ये बंद पडली. पुढे डिसेंबर 2009 च्या थंडीत दिल्लीत एक निवारा पाडला गेला आणि अन्नाच्या हक्काच्या जुन्या याचिकेत तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 2010 मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांना बजावले: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षाचे 365 दिवस आणि दिवसाचे 24 तास.

तेच प्रमाण 2013 च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात गेले. माणशी 50 चौरस फूट जागा, पुरुष, स्त्रिया, कुटुंबे यांच्यासाठी वेगळे निवारे, जागा शक्यतो स्थानक, आगार किंवा घाऊक बाजाराजवळ. व्याख्या सैल, म्हणजे चांगली: मालकीचे वा भाड्याचे घर नाही आणि पदपथ, फलाट, पूल, देवळाचे आवार इथे झोपतो, तो बेघर. कोणतीही तारीख नाही. उलट ओळखपत्र मिळवून देणे हे निवाऱ्याचेच काम ठरवले होते. तरी दारावर आधार मागितले जाते, कारण चालवणाऱ्या संस्थेला हजेरीवहीत नोंद दाखवायची असते. कुटुंब निवारे कमी, म्हणून नवरा एका केंद्रात आणि बायको-मुले दुसऱ्यात जाण्यापेक्षा लोक पुलाखाली एकत्र राहणे पसंत करतात. मग खाटा रिकाम्या दिसतात आणि ‘मागणीच नाही’ असा अहवाल वर जातो. अभियानाची मुदत 2024 मध्ये संपली.

2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेची मुख्य अट बेघर सहज पार करत होता: कुटुंबात कोणाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. पण स्वतः बांधायचे तर जमीन हवी, आणि तयार घर घ्यायचे तर स्वतःचा हिस्सा भरायला बँकेचे कर्ज. पथारीवाला दोन्हीकडे अडत होता.

कागदाची कोंडी फोडणारा नियम निवडणूक आयोगाकडे आहे. बेघराने मतदार नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना 6 मध्ये, झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकापेक्षा जास्त रात्री तिथे जाऊन तो खरेच झोपतो का हे पाहतो. खात्री पटली की पत्त्याचा दुसरा पुरावा लागत नाही. असे आज यादीत आलेले नाव निवाऱ्यात, रेशनसाठी, बँकेत उपयोगी पडते. परिशिष्ट-2 च्या टेबलावर मात्र 2011 च्या आधीची यादी मागतात.