फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी हिवाळी टायर हवेतच

बर्फाळ प्रदेशात कुटुंबासाठी गाडी घेणाऱ्यांना हमखास सांगितले जाते की, गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असली की हिवाळी टायरांवर खर्च करण्याची गरज नाही. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय धोकादायकही आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाल्याने गाडी बर्फातून सहज निघते, हे खरे. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबताना या यंत्रणेचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही आणि सारी भिस्त टायरच्या रबरावर राहते.

तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे मात्र थंडीतही लवचीक राहते. त्याच्या नक्षीतले ठोकळे अंगठ्याने वाकवून पाहिले, तर बारीक नागमोडी चिरा उघडताना दिसतात. बर्फाला पकडतात त्या याच चिरांच्या कडा.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह शोधावे, कारण ते बर्फावरील चाचणीत उतरल्यावरच मिळते, तर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे अशा चाचणीविनाही छापता येतात. म्हणूनच जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी नुसते ‘एम+एस’ चालत नाही.

टायर चारही बदलावेत. पैसे वाचवण्यासाठी पुढचे दोनच बदलले, तर वळणावर मागची बाजू घसरून गाडी गरकन फिरू शकते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की, कायद्याची हरकत नसली तरी, बर्फासाठी तो टायर बाद समजावा.