जितकं मोठं आवार, तितका नफा?

मांसासाठी वाढवलेल्या जनावरांबद्दल एक हिशेब वर्षानुवर्षं सांगितला जातो: एका आवारात जितकी जास्त जनावरं, तितका नफा जास्त. हे निम्मंच खरं आहे. यंत्रं आणि मजुरीचा खर्च विभागला जातो, हे मान्य. पण अमेरिकेत अशा गायींचा एका शेतावरचा सरासरी कळप ५० च्याही आत असतो. टेक्सास किंवा कॅन्ससच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे कत्तलीआधी चारा-धान्य देऊन वजन वाढवण्याच्या जागी, १५०-२०० वासरांचं आवार भरायचं, तर ती अनेक शेतांवरून गोळा करावी लागतात. आईपासून नुकतीच तुटलेली, ट्रकच्या प्रवासाने थकलेली, एकमेकांच्या जंतूंना नवखी. गव्हाणीपाशी ढुशा देत नव्याने थोरलं-धाकटं ठरतं, दबलेलं वासरू उपाशी राहतं आणि श्वसनाचा आजार पसरतो. तिथल्या फीडलॉटमधल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच. वाचलेल्या जनावराचंही वजन कमी भरतं, औषधाचा खर्च वेगळाच.

माझ्या मते ‘किती जनावरं’ यापेक्षा ‘किती ठिकाणांहून आणलेली’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. एकाच शेतावरची, दूध तुटून ४५ दिवस झालेली, लस टोचलेली वासरं मोठ्या गटातही कमी आजारी पडतात. तिथले खरेदीदार अशा वासरांना जास्त भाव देतात, तो याचसाठी.