ब्रोका क्षेत्र

मेंदूच्या बाह्यकाचा (बाहेरच्या थराचा), बोलण्याच्या क्रियेशी निगडित असलेला भाग. बहुतेक माणसांत तो डाव्या गोलार्धात कार्यरत असतो. ललाटखंडाच्या (मेंदूच्या पुढच्या खंडाच्या) तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, वळीचा (घडीचा) मागचा हिस्सा त्याने व्यापलेला असून त्याच्या खालून पार्श्व खाच जाते. कोर्बिनियान ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये पेशींच्या थरांवरून बाह्यकाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यातील ४४ व ४५ क्रमांकांचे भाग मिळून हे क्षेत्र होते, असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक ४४ क्रमांकाचाच भाग खरा धरतात. या भागाला मध्य प्रमस्तिष्क रोहिणीच्या वरच्या शाखेतून रक्त मिळते. ती शाखा तुंबली की अनेकदा वाचा आणि उजवा हात एकदमच जातात.

क्षेत्राला नाव मिळाले ते फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका (१८२४–८०) यांचे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा रुग्ण २१ वर्षे राहत होता. काहीही विचारले तरी तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे; फार चिडला तर तोंडातून एखादी शिवी निघे. बोललेले मात्र त्याला बऱ्यापैकी कळत असे. १७ एप्रिल १८६१ रोजी तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला. त्याच वर्षी ललाँ या ८४ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतही जवळपास त्याच जागी इजा आढळली. ललाँला पाचच शब्द येत, त्यांत स्वतःचे नावही अर्धवट.

मात्र या शोधाचे सगळे श्रेय ब्रोकांना देता येत नाही. वाचेचे स्थान मेंदूच्या पुढच्या भागात आहे, असे फ्रेंच वैद्य झाँ-बातिस्त बुयो १८२५ पासून सांगत होते, आणि १८६१ च्या वसंतात त्यांचे जावई ओबेर्तां यांनी मंडळात तोच मुद्दा लावून धरल्यामुळे ब्रोकांचे लक्ष लबोर्नकडे वळले. डाव्या बाजूचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. दक्षिण फ्रान्समधील वैद्य मार्क दाक्स यांनी, वाचा गेलेल्या रुग्णांत इजा डाव्या गोलार्धात असते, असा निबंध १८३६ मध्ये माँपेल्येच्या वैद्यक संमेलनात वाचला, असे त्यांचे पुत्र ग्युस्ताव यांचे म्हणणे. पुत्राने तो स्वतःच्या पुरवणीसह १८६३ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे पाठवला. तो छापून आला एप्रिल १८६५ मध्ये. ब्रोकांचा डाव्या गोलार्धाविषयीचा प्रसिद्ध लेख त्याच वर्षी जूनमधला. ब्रोकांनी चौकशी केली, तेव्हा १८३६ च्या वाचनाचा पुरावा मिळाला नाही. तरीही निरीक्षण म्हणून दाक्स पितापुत्रांचा अग्रमान मान्य करणे अधिक न्याय्य दिसते; शवविच्छेदनाने नेमकी वळी दाखवण्याचे काम मात्र ब्रोकांचेच.

वादाचा दुसरा भाग शरीररचनेचा आहे. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ पिएर मारी यांनी १९०६ मध्ये तिसऱ्या वळीला वाचेत काही विशेष स्थान असल्याचे साफ नाकारले. त्यांचा निष्कर्ष टोकाचा होता, शंका मात्र रास्त. ब्रोकांनी लबोर्नचा मेंदू कापला नव्हता, तो जसाच्या तसा जपून ठेवला होता. नीना ड्रॉन्कर्स व सहकाऱ्यांनी दोन्ही मेंदूंच्या चुंबकीय प्रतिमा घेतल्या (२००७) तेव्हा इजा पृष्ठभागापेक्षा खूप खोलवर, श्वेतद्रव्यातील, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या, तंतूंपर्यंत गेलेली दिसली. ललाँच्या मेंदूत तर आज ज्याला ब्रोका क्षेत्र म्हणतात त्याचा काही भाग शाबूतच होता. केवळ या क्षेत्रापुरती मर्यादित इजा झाल्यास वाचा बहुधा लवकर परत येते, हे जे. पी. मोर यांनी १९७८ मध्ये दाखवले होतेच. म्हणून ‘वाचेचे केंद्र’ हा शब्दप्रयोग टाळलेला बरा.

ब्रोका वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेने वाचा बिघडण्याच्या एका प्रकारात, बोलणे अडखळत, तुटक होते. नामे टिकतात, जोडणारे शब्द आणि प्रत्यय ढासळतात. आकलन पूर्ण शाबूत असते ही जुनी समजूत १९७६ मधील कॅरामाझा व झुरिफ यांच्या प्रयोगांनंतर मागे पडली. मराठीतून उदाहरण द्यायचे तर ‘आंबा मुलाने खाल्ला’ हे अर्थावरूनच उमगते, पण ‘मुलीला मुलाने ढकलले’ यात कोणी कोणाला, हे व्याकरणावाचून कळत नाही. अशा रुग्णांची अडचण या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत होते. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या वाचाघातात याउलट बोलणे ओघवते असते, अर्थ हरवतो.

उजव्या हाताने कामे करणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत आणि डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत भाषा मुख्यतः डाव्या गोलार्धात असते. वाक्य जुळवता न येणारे काही रुग्ण पाठ असलेले गाणे किंवा प्रार्थना शब्दांसह म्हणू शकतात. बोलण्याला चाल व ताल देणारी उपचारपद्धती १९७३ मध्ये याच निरीक्षणावर उभी राहिली.