अपंगत्वविषयक आदरपूर्ण भाषा

शारीरिक, बौद्धिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींविषयी बोलताना-लिहिताना आणि त्यांच्याशी वागताना त्यांचा माणूस म्हणून मान राखणारी शब्दयोजना व रीत. इथे शब्द आणि वागणूक वेगळे काढता येत नाहीत. चाकाच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला वगळून सोबत्यालाच ‘यांना काय दाखवू?’ असे विचारणारा दुकानदार तोंडाने ‘दिव्यांग’ म्हणत असला, तरी अपमानच करतो.

मराठीत व्यंगावरून हाक मारण्याची खोड जुनी आहे. लंगड्या, थोट्या, बहिऱ्या ही गावात माणसाची नावेच होऊन बसतात आणि खरे नाव रेशनकार्डापुरते उरते. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ अशा म्हणींत अपंगत्व हे उणेपणाचेच दुसरे नाव आहे. कारभार ढिसाळ झाला की वर्तमानपत्रे त्याला ‘आंधळा-बहिरा’ ठरवतात. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे सांत्वन तर शिवीहून अधिक लागते, कारण त्यात दोष त्या व्यक्तीच्याच पदरात टाकलेला असतो.

काही शब्द मात्र मागे पडले. ‘वेड्यांच्या इस्पितळा’चे मनोरुग्णालय झाले. ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ असे लिहिले जाते. ‘मूकबधिर’ऐवजी ‘कर्णबधिर’ म्हणणे योग्य, कारण ऐकू न येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे स्वरयंत्र शाबूत असते. शिवाय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, तेव्हा ती बोलणारा मुका कसा? ‘महारोगी’ जाऊन ‘कुष्ठरुग्ण’ आणि उपचारांनंतर ‘कुष्ठमुक्त’ हे शब्द आले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावात जुना शब्द आजही आहे. संस्थेने या रुग्णांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती पाहता, नुसत्या शब्दावरून निवाडा करणे अन्यायाचे ठरेल.

‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवला आणि तो सरकारी कामकाजात रूढ झाला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निघाला. अपंग हक्क चळवळीतील अनेकांना मात्र हा शब्द रुचलेला नाही. अंगात दैवी काही नको, इमारतीला उतार हवा, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. काहींना तोच शब्द आपलासा वाटतो. अशा वेळी त्या व्यक्तीची पसंती प्रमाण मानावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास ६ महिने ते ५ वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांनी एका हिंदी चित्रपटाविरुद्ध नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ‘पीडित’, ‘ग्रस्त’, ‘बळी’ या धाटणीचे शब्द टाळावेत, कारण त्यांत सारी अडचण व्यक्तीच्या शरीरात दिसते आणि समाजाने उभे केलेले अडथळे नजरेआड होतात, असे न्यायालयाने म्हटले. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांतला फरकही त्याने स्पष्ट केला.

व्यवहारात पहिला नियम विचारण्याचा. अंध व्यक्तीला रस्ता ओलांडून देताना काठी वा मनगट धरून ओढू नये. ‘मदत हवी आहे का?’ असे विचारून आपले कोपर पुढे करावे; ती व्यक्ती कोपराच्या वर धरून अर्धे पाऊल मागून चालते. पायरी आली की चढायची की उतरायची हे सांगावे, आणि निघताना ‘मी निघतो’ असे म्हणावे, नाहीतर ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. चाकाची खुर्ची न विचारता ढकलू नये. कर्णबधिर व्यक्तीसोबत दुभाषी असला तरी नजर त्या व्यक्तीकडेच ठेवावी. ओरडून उपयोग नसतो, चेहऱ्यावर उजेड हवा आणि तोंडावर हात नको.